‘नसेवर नस चढली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात शिलाई कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘रात्री हात सुन्न होतो? बोटांना मुंग्या येतात? नसेवर नस चढली आहे. बी-12 ची दहा इंजेक्शनं घ्या. मनगट घट्ट बांधून झोपा. गरम तेलानं मनगट रगडा, बोटं मोडा, रबरी चेंडू रोज दोनशे वेळा दाबा. ऑपरेशन करू नका, हात कायमचा जातो. 21 दिवसांत दुखणं मुळापासून बरं.’

यातले काही सल्ले तर दुखणं वाढवणारेच आहेत. ज्या घरात हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळते किंवा शिवलेल्या नगावर पैसे मिळतात, तिथे हाताचं दुखणं थेट चुलीपर्यंत पोचतं. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

‘नसेवर नस चढली आहे.’

बोलीभाषेत शीर आणि नस एकच मानतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. हातावर निळी दिसते ती रक्ताची शीर. मुंग्या येतात त्या मज्जातंतूमुळे, आणि तो वरून दिसत नाही. मज्जातंतू कशावर चढत नाही. जिथे वाट अरुंद असते तिथे तो दाबला जातो.

हातातली अशी सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे मनगट. तिथे एक छोटा बोगदा आहे. त्याच्या तळाला आणि बाजूंना मिळून आठ लहान हाडं, वर छतासारखा जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या (स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन) जातात आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतू, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की जागा कमी पडते. हाड सरकत नाही, पट्टा ताणत नाही, मग सगळा दाब सोसतो तो मऊ मज्जातंतू. रिपोर्टवर ‘सीटीएस’ किंवा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ लिहिलेलं असतं ते हेच.

रात्रीच का? झोपेत मनगट आत दुमडतं, कधी उशीखाली, कधी गालाखाली. दुमडलेल्या मनगटात बोगद्यातला दाब चढतो आणि मज्जातंतूचा रक्तपुरवठा कमी होतो. मध्यरात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हे झटकून बरं वाटणं निदानाला फार उपयोगी आहे, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पण प्रत्येक मुंगी मनगटातलीच असते असं नाही. यासाठी एक सोपं काम करा. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलनं आकार काढा आणि चार-पाच रात्री जो भाग सुन्न होतो तो रंगवा. अंगठा, त्याशेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची फक्त अंगठ्याकडची बाजू रंगली, तर संशय मनगटावर. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू रंगली, तर दाब बहुधा कोपराच्या आतल्या बाजूला आहे. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाइल कानाला लावणं किंवा मशीनच्या कडेवर कोपर टेकणं तिथे नडतं. मानेपासून कळ निघून खांद्यावरून हातात उतरत असेल आणि मान मागे वळवली की वाढत असेल, तर तपासणी मानेची हवी. अंगठ्याची एकच कड सुन्न होत असेल, तर कात्रीकडे बघा. विडीचं पान कापताना किंवा कापड कापताना कात्रीचं कडं अंगठ्याच्या कडेवरचा बारीक मज्जातंतू दाबत राहतं. कड्याला मऊ कापड गुंडाळणं किंवा मोठ्या कड्याची कात्री घेणं हाच त्यावरचा पहिला उपाय.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही, पण ती लिहायलाच हवी. सुन्नपणासोबत त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्यात कोपरामागचा मज्जातंतू दोरीसारखा जाड लागतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात आणि रोग बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटं वाकडी होतात.

एका बाजूचा हात-पाय अचानक सुन्न झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर हा कागद-पेन्सिलचा विषय नाही. त्याच क्षणी 108 ला फोन करा. डाव्या हातात कळ आणि सोबत छातीत दडपण असेल तरीही तेच.

‘बी-12 ची दहा इंजेक्शनं घ्या.’

बी-12 कमी असणं आपल्याकडे खरंच नेहमीचं आहे. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्तच. पण त्या कमतरतेच्या मुंग्या बहुतेक वेळा पायांपासून, दोन्ही बाजूंना सारख्या सुरू होतात. तळवे जड लागतात, अंधारात तोल जातो, जीभ सोलल्यासारखी होते. एकाच हाताची साडेतीन बोटं रात्री झोपतात आणि झटकल्यावर जागी होतात, हे बी-12 चं चित्र नाही.

दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून तपासणी जरूर करा, पण इंजेक्शनच्या आधी. इंजेक्शन घेऊन मग रक्त दिलं तर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती ते कळत नाही. त्याच वेळी एचबीए1सी (साखरेची) आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ततपासण्या करून घ्या. मधुमेह आणि मंदावलेला थायरॉइड ही मनगटातल्या दाबामागची खरी, सापडणारी आणि उपचार होणारी कारणं आहेत. सांधेवात हे तिसरं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही हे दुखणं येतं, बाळंतपणानंतर बऱ्याचजणींचं हळूहळू उतरतं.

‘नसांची ताकद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बी-6 ही असतं. ते रोज 100 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात. डबीवरचा आकडा वाचल्याशिवाय दुकानातून गोळ्या आणू नका.

‘मनगट घट्ट बांधून झोपा.’

हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच सगळ्यात घातक. रात्री मनगटाला आधार हवा हे खरं. तो घट्ट नको, सरळ हवा. घट्ट बांधणं म्हणजे आधीच अरुंद बोगद्यावर बाहेरून दाब घालणं.

औषधाच्या दुकानात मनगटाची स्प्लिंट मिळते. तिच्या तळहाताकडच्या कप्प्यात ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि ती बऱ्याचदा मनगट मागे झुकेल अशी वाकवलेली येते. ती पट्टी ओढून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा, पुन्हा बसवा. घातल्यावर हात बाजूनं पाहा: कोपरापासून बोटांच्या बुडापर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. मधला वेल्क्रो, म्हणजे नेमका मनगटावरचा, इतका सैल ठेवा की खाली एक बोट सहज जाईल. बोटं आणि अंगठा मोकळा हवा, मूठ मिटता आली पाहिजे.

विकत घ्यायची नसेल तर घरी होते. 20 ते 25 सेंटिमीटर लांब, 3-4 सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत लाकडी पट्टी घ्या. जुन्या टॉवेलची दोन पदरी घडी तिच्यावर गुंडाळा. पट्टी हाताच्या पाठीच्या बाजूला ठेवा, तळहाताकडे नको, कारण बोगदा तिकडेच आहे. बोटांच्या बुडाच्या सांध्यांच्या अलीकडून, मनगट ओलांडून, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत ती यावी. वरून 4 इंची क्रेप बँडेज न ताणता, नुसतं पसरत गुंडाळा. मग नख दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं सुजली, गार पडली किंवा मुंग्या वाढल्या तर सोडून सैल बांधा.

किमान सहा आठवडे, रोज रात्री. बहुतेकांचं इथेच चुकतं. चार रात्री घालतात, बरं वाटलं की सोडतात, किंवा दिवसा काम करताना घालतात आणि रात्री काढून ठेवतात. दिवसा घालून विडी वळली किंवा शिवण केली तर मनगट पट्टीशी झगडतं आणि जोर अंगठ्यावर येतो.

‘तेलानं रगडा, बोटं मोडा, चेंडू दाबा.’

कोपराखालच्या मांसल भागाला हलकं तेल लावलं तर नुकसान नाही, बरं वाटतं. मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं रगडणं मात्र दाबलेल्या मज्जातंतूवर आणखी दाब टाकणं आहे. बोटं मोडण्याचा या दुखण्याशी संबंध नाही.

चेंडू मात्र सोडाच. मूठ जोरात आवळली की बोगद्यातला दाब वाढतो, शिवाय तळहातातले बारीक स्नायू बोगद्यात ओढले जातात. म्हणजे दिवसभर कात्री चालवून, कणीक मळून, धोट्यातली कांडी बदलून जे झालं, तेच संध्याकाळी व्यायाम म्हणून दोनशे वेळा. त्याऐवजी दोऱ्या सरकवण्याचा व्यायाम करा: बोटं सरळ, मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी, पुन्हा सरळ, मग सैल मूठ, पुन्हा सरळ. प्रत्येक स्थितीत 3 ते 5 सेकंद, असं 5 ते 10 वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या वाढल्या तर थांबा. ही पट्टीला जोड आहे, पट्टीची जागा ती घेणार नाही.

गरम पाण्याचा शेक घेणाऱ्यांनी पाणी दुसऱ्या, चांगल्या हातानं तपासावं. सुन्न बोटांना चटका कळत नाही. कडक भाकरी करणाऱ्या बायकांनी तव्याजवळ हे विशेष सांभाळावं.

‘ऑपरेशन केलं की हात कायमचा जातो.’

या भीतीपोटीच लोक उशीर करतात, आणि हात जातो तो उशिरामुळे. मज्जातंतू फार काळ दाबलेला राहिला की अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झडू लागतो. दोन्ही तळहात शेजारी धरून पाहा. एक सपाट दिसत असेल, शर्टचं बटण लागत नसेल, सुई किंवा विडीचा दोरा बोटांतून निसटत असेल, दिवसाही बोटं सुन्नच राहत असतील, तर पट्टीचे प्रयोग थांबवून अस्थिरोग किंवा न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा. झडलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरेल याची खात्री नसते.

ऑपरेशनमध्ये करतात काय? जागा सुन्न करून तळहाताच्या बुडाशी साधारण 2 ते 4 सेंटिमीटरचा छेद घेतात आणि बोगद्याच्या छताचा पट्टा कापून मोकळा करतात. मज्जातंतूला हात लावत नाहीत. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. रात्रीची कळ बहुधा लवकर जाते, सुन्नपणा सावकाश, कारण इजा झालेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तळहाताच्या दोन्ही बाजूंना टेकताना दुखणं काही महिने राहू शकतं, आणि पकड यायला साधारण तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात भाकरी थापायला बसणाऱ्यांना ‘ऑपरेशन फसलं’ असं वाटतं ते याचमुळे.

फसतं तेव्हाची कारणं ठरलेली आहेत: पट्टा पूर्ण कापला गेला नाही, दुखणं मुळात मानेचं होतं, किंवा हात फार उशिरा दाखवला. म्हणून आधी एनसीव्ही चाचणी (मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी) करून घेणं शहाणपणाचं. सौम्य दुखण्यात ती नॉर्मलही येऊ शकते, तेव्हा नुसत्या कागदावर नव्हे, लक्षणांवर आणि तपासणीवर निर्णय व्हावा. मधला पर्याय स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा. त्यानं काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेवढे दिवस ती तपासत राहावी.

‘21 दिवसांत मुळापासून बरं.’

हे दुखणं येतं-जातं, हाच त्याचा स्वभाव. शाळेच्या गणवेशांचं काम उन्हाळ्यात जोरात असतं तेव्हा शिवणाऱ्यांचे हात रात्रभर जागवतात. जूननंतर काम उतरलं की मुंग्याही उतरतात. त्या वेळी जो काही उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं, आणि मेसेज पुढे जातो. पुढच्या हंगामात दुखणं परत येतं तेव्हा तो मेसेज कुणी परत घेत नाही.

परत येणारच हे धरून काम बसवलं तर फरक पडतो. विडी वळताना मांडीवरचं सूप खाली घसरलं की मनगट दुमडतं. सुपाखाली चादरीची घडी देऊन ते वर घ्या, म्हणजे मनगट हाताच्या रेषेत राहील. पान नीट भिजलेलं असू द्या, कोरड्या पानाला अंगठ्याचा जोर जास्त लागतो. कात्रीला धार ठेवा. शिलाई मशीनवर खुर्ची इतकी उंच हवी की कापड सरकवताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकणार नाही. दर अर्ध्या तासानं एक मिनिट हात मोकळे सोडा. नगावर मजुरी असताना हे जड जातं, पण सुन्न बोटांनी नग बिघडतात आणि परत येतात.

आणि हंगाम सुरू होताच, पहिली रात्र मोडायच्या आधीच, सरळ पट्टी रात्री पुन्हा बांधायला लागा. मागच्या वेळचा रंगवलेला पंजाचा कागद तारीख घालून जपून ठेवा. यंदा रंग जास्त बोटांवर चढला असेल किंवा दिवसाही उतरत नसेल, तर तो कागद घेऊन सिव्हिलच्या ओपीडीत जा.