शुक्रवारी टेम्पो येणारे का?

ट्रेनिंगचा कागद फ्रिजच्या दारावर लावला ही माझी पहिली चूक. मॅरेथॉनला सात आठवडे राहिलेत, प्लॅन सारखा डोळ्यासमोर असला की आपण तो पाळतो असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून या आठवड्याचा तक्ता प्रिंट काढून चुंबकाने चिकटवला, सात वार, सात चौकटी. सोमवारी सकाळी बघते तर सासूबाई चष्मा लावून त्याच्यासमोर उभ्या. त्या ऑडिटमधून रिटायर झाल्यात, कुठलाही छापील तक्ता दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

"अगं, शुक्रवारी टेम्पो येणारे का? काय मागवलंयस एवढं?"

म्हटलं, आई, टेम्पो हा पळायचा प्रकार आहे. धड जोरात नाही, धड हळू नाही, साधारण तासभर जेमतेम टिकवता येईल असा वेग, त्याच्यावर गेलं की रक्तात लॅक्टेट साचायला लागतं आणि मग पाय आपलं ऐकत नाहीत.

"मग तसं लिहावं. टेम्पो काय! आणि मंगळवारी इंटरव्हल, त्यात विश्रांती असते ना?"

मी हसले. तेव्हा हसले.

सोमवार रेस्टचा होता. हा एक दिवस मी प्लॅन शंभर टक्के पाळते, त्याबद्दल कुणी बोट दाखवू शकणार नाही.

आता हा प्लॅन बनवला कुणी तर मीच. पण रात्रीच्या मीने. रात्रीची मी आणि पहाटेची मी या दोन वेगळ्या बायका आहेत आणि त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. रात्रीची मी जेवून, दुलईत पाय खुपसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते आणि साहेबासारख्या सह्या करत सुटते, आठशे मीटर गुणिले सहा, मंजूर, सव्वीस किलोमीटर, मंजूर. ते ओझं वाहायला मात्र पहाटे पाच वाजता दुसरीच कुणीतरी उठते, तिला कुणी विचारलेलं नसतं, तिचे डोळे चिकटलेले असतात, आणि बाहेर पारा सात अंशांवर असतो. एरवी उन्हाळ्यात काय, पाच वाजता उठून बाहेर पडलं की बरंच वाटतं. थंडीत दुलईच्या बाहेर नुसता एक पाय काढून बघायचा, परत आत घ्यायचा, मग दुसरा काढून बघायचा, त्याचंही मत तेच. शेजारी नवरा असा झोपलेला असतो की बघवत नाही. मी उठल्या क्षणी माझ्या वाट्याची दुलई तो झोपेतच ओढून घेतो, इतक्या सफाईने की वाटतं याचीही कुठेतरी प्रॅक्टिस चालू असणार.

तर मंगळवार. मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक आहे, त्याच्या दोन फेऱ्या जीव खाऊन, मग दोन मिनिटं हळूहळू, असं सहा वेळा. बार्ट यासो नावाच्या अमेरिकन रनरचा एक ठोकताळा आहे की तुम्ही आठशे मीटर जितक्या मिनिट-सेकंदांत सातत्याने, म्हणजे दहादा, पळू शकता तितक्या तास-मिनिटांत मॅरेथॉन होते. मला साडेचार तासांच्या आत यायचंय, म्हणून आठशे साडेचार मिनिटांत. पहिली रिपीट ४:२१. वा! स्वतःवर खूश झाले, इतकी की दुसऱ्या रिपीटच्या आधी ट्रॅकवरच्या एका काकांना उगाच हसून गुड मॉर्निंग केलं. तिसऱ्यापासून घशात कुणीतरी किसणी फिरवतंय असं वाटायला लागलं, कारण थंड हवा कोरडी असते आणि जोरात पळताना आपण तोंडाने श्वास घेतो, मग नाकात जी गरम आणि ओलसर व्हायची ती हवा सरळ आत. पाचवीला डोळ्यांतून पाणी. सहावी ४:५८, आणि ती संपली तेव्हा मी लेन तीनच्या पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभी, तोंडातून इंजिनासारखी वाफ, आणि तेच काका बाजूने जाताना म्हणाले, गुड मॉर्निंग. मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर सहज म्हणून या इंटरव्हलबद्दल वाचलं आणि सासूबाईंना हसल्याचं वाईट वाटलं. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे कोच आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयरोगतज्ज्ञ, या दोघांनी ही पद्धत बांधली, आणि त्यांचं म्हणणं असं की पळताना नाही तर मधल्या त्या विश्रांतीत हृदयाची खरी कमाई होते. म्हणून तर नाव इंटरव्हल! म्हणजे मी ज्याला इंटरव्हल समजत होते तो सिनेमा होता आणि आई बरोबर होत्या. गेर्शलरचा एक रनर होता रुडॉल्फ हार्बिग, त्याने १९३९ मध्ये आठशे मीटर १:४६.६ मध्ये मारलं. माझ्या सहाव्या आठशेत त्याची दोन आठशे बसून वर पाणी प्यायला वेळ उरला असता. आईंनी मंगळवारच्या चौकटीत बरोबरची खूण केली, वर विचारलं, "विश्रांती घेतलीस ना पूर्ण?"

बुधवारी इझी रन, आठ किलोमीटर. हा दिसायला सोपा आणि करायला सगळ्यात अवघड प्रकार, कारण हळू पळायला लाज वाटते, विशेषतः मागून कुणी चालणारा माणूस जवळ येत असेल तेव्हा. इझीची परीक्षा अशी की पळता पळता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. पण एकटीने बोलायचं कुणाशी? म्हणून मी पाढे म्हणते. अंधारात, कानटोपी घातलेली बाई, एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणत पळतेय हे बघून कोपऱ्यावरच्या वॉचमनने खुर्ची मागे सरकवली, त्याचा कुत्रा भुंकायला उठला होता तोही खाली बसला. एकोणतीस सातीला अडकले. आता ते दम लागला म्हणून की पाढा येत नाही म्हणून, हे सांगायची सोय घड्याळात नाही.

गुरुवार. गुरुवारबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अलार्म झाला, मी स्नूझ दाबला, मग परत दाबला, मग तिसऱ्यांदा दाबायच्या ऐवजी फोन दुलईच्या आत घेतला आणि 'ओव्हरट्रेनिंगची लक्षणं' असं शोधलं. थकवा, चिडचिड, पायांत जडपणा, उत्साह नसणे, झोप न लागणे. शेवटचं एक सोडलं तर सगळी जुळत होती आणि शेवटचं नाहीये हे तपासण्यासाठी मी डोळे मिटले. उठले तेव्हा सात वाजून गेले होते. ओट्यापाशी आले तर गुरुवारच्या चौकटीत फुली. काळीशार, पेन्सिल दाबून काढलेली. मी म्हटलं, आई, शरीराचं ऐकावं लागतं. त्या म्हणाल्या, "हो, ऐकलं मी पण, घोरत होतीस."

शुक्रवारी टेम्पो झाला. पाच किलोमीटर, वारा समोरून, परत फिरले तर वारा पण फिरला, हे कसं जमतं वाऱ्याला माहीत नाही. घरात शिरल्या शिरल्या आई, "आला का टेम्पो?" म्हटलं, आला, रिकामा.

शनिवार म्हणजे उद्याची भीती. पूर्ण शनिवार मी रविवारच्या कपड्यांचा विचार करते. एक नियम आहे की हवा आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त गरम आहे असं धरून कपडे घालायचे, म्हणजे घरातून निघताना थंडी वाजलीच पाहिजे, कारण थोड्याच वेळात अंग तापतं. नियम पटतो मला. रात्रीच्या मीला तर फारच पटतो, तिने एकच पातळ फुलबाह्यांचा टीशर्ट खुर्चीवर काढून ठेवला, सुती नाही हं, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. पहाटेच्या मीने त्यावर अजून एक चढवला, त्यावर जाकीट, हातमोजे, आणि दारात आईंनी स्वतःच्या हाताने कानटोपी. त्या कानटोपीचा पुढे विसाव्या किलोमीटरला नाक पुसायला उपयोग झाला हे कृपया त्यांना कळू देऊ नका.

निघायच्या आधी तीनदा बाथरूमला जाऊन आले होते. हा थंडीचा खास त्रास. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागात जमतं, तिथला दाब वाढतो आणि मूत्रपिंडांची समजूत होते की पाणी जास्त झालंय, काढा बाहेर. पुरुष रनर्सना याचं काही वाटत नाही, का ते उघड आहे. आम्ही बायका मात्र रूट आखतो तो टेकडी, सावली, रस्त्याची क्वालिटी बघून नाही, कुठल्या पेट्रोल पंपाचं टॉयलेट सहाच्या आधी उघडं असतं ते बघून.

तर अकराव्या किलोमीटरला पंप. घड्याळ पॉझ केलं. आत गेले. हातमोजे काढले, गारठलेल्या बोटांनी तीन थरांच्या नाड्या आणि चेन्स यांच्याशी झालेलं युद्ध इथे देत नाही. बाहेर आले, लेस सुटलेली, ती बांधायला खाली वाकले तर बोटांना लेसच कळेना, गाठ मारलीय असं वाटायचं आणि हातात काहीच नसायचं, शेवटी दातांनी ओढावी लागेल की काय असं वाटलं पण बूट तोंडापर्यंत येत नाही किंवा तोंड बुटापर्यंत. झाली एकदाची गाठ. हातमोजे चढवले, निघाले.

आणि मग काय सांगू, जी लय लागली! दरवेळी किलोमीटर झाला की घड्याळ टिकटिकतं आणि मन हिशेब करायला लागतं की अजून किती, या वेळी तसलं काहीच नाही. पूल गेला, शाळा गेली, उजाडलं, झाडांच्या मधून पिवळं ऊन रस्त्यावर आलं. वाटलं, हाच तो रनर्स हाय, ज्याबद्दल लोक इतकं बोलतात, मेंदूत काहीतरी सुटतं आणि अंतराचं भानच राहत नाही. डोळे भरून आले माझे. मग सिग्नलपाशी सहज मनगटाकडे बघितलं.

पॉझ.

पंपापासून पॉझ. दोन पॉइंट सहा किलोमीटर, रोजचा रस्ता आहे म्हणून मला अंतर पाठ. ते मी पळाले पण ते कुठेही नाहीत. सिग्नलवर उभी राहून मी जे बोलले ते मराठीत होतं एवढंच सांगते. त्यानंतरचे बारा-साडेबारा किलोमीटर मी निव्वळ रागावर काढले, शरीरातली साखर संपली असेल पण राग पुरला.

घराच्या गेटशी घड्याळात २३.४०. आता खरे रनर काय करतात, तर गेटसमोर येरझाऱ्या घालून आकडा पुरा करतात. मी वळून बघितलं रस्त्याकडे. मांड्यांनी सांगितलं, बाई, आम्ही सव्वीस दिलेत, तुझ्या घड्याळाचं तू बघ.

आई दारातच. "किती?"

"सव्वीस. म्हणजे तेवीस पॉइंट चार."

"दोन आकडे?"

सगळं सांगितलं, पंप, लेस, रनर्स हाय. त्या शांतपणे ऐकत होत्या, तोंडावर तोच भाव जो ऑफिसात हरवलेल्या पावतीची गोष्ट ऐकताना असणार. मधेच म्हणाल्या, "पण मला सांग, मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर, ठीक. ते वरचे एकशे पंच्याण्णव मीटर कशाला?" म्हटलं, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, ते अंतर तेवढं भरलं, पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं ठरवून टाकलं.

"म्हणजे कुणाला तरी खुर्चीत बसून दिसावं म्हणून तेवढं वाढवलं? आणि तुम्ही अजून पळताय?"

यावर मला काही सुचलं नाही. मी पायरीवर बसले. आईंनी वाकून माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, वाळलेल्या घामाचं मीठ होतं, चरचरीत, ते बोट उजेडात धरून बघितलं. मग आत गेल्या. मी उठून त्यांच्या मागे, म्हणजे आधी भिंत धरली, मग दार, मग फ्रिज.

रविवारच्या चौकटीत त्यांनी २६ लिहिलं, खाली बारीक अक्षरात 'घड्याळ बंद', शेजारी सही. मला इतकं बरं वाटलं की मेडलचं काय वाटेल. माणूस अशा वेळी जरा सैल सोडतो, मी म्हटलं, आई, मग ती गुरुवारची फुलीपण...

त्यांनी पेन्सिल फ्रिजवर ठेवून दिली. "रविवारी घड्याळ झोपलं होतं. गुरुवारी तू."