स्नॅपशॉट आहे म्हणून बॅकअपचं लायसन्स बंद करू नका

परवा रात्री जेवायला बसणार तोच आतेभावाचा मेसेज आला. तो सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. हाताखाली एक शिकाऊ पोरगा, बाकी सगळं याच्या एकट्यावर. "ताई, हे वाच. साहेबांनीही वाचलंय. बॅकअप सॉफ्टवेअरचं लायसन्स यंदा रिन्यू करायचं नाही म्हणतायत. काय सांगू त्यांना?"

खाली तोच फॉरवर्ड, जो महिन्याभरात मला चार ग्रुपांवर येऊन गेला आहे. त्यातले मुद्दे असे: स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी होती तिची नोंद, काही सेकंदांत होतो, म्हणून तोच आजचा बॅकअप. त्याला जागा लागत नाही, हवे तितके घ्या, हवे तितके दिवस ठेवा. स्टोरेजला, म्हणजे सर्व्हरांचा डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या पेटीला, रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी रचना) आणि दोन कंट्रोलर (डिस्क चालवणारे भाग) असतात, तेव्हा तो सुरक्षितच. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्याला हात लावू शकत नाही. डेटाबेस थांबवावा लागत नाही. आणि रिस्टोअर एका क्लिकवर.

चार वेळा मी तो सोडून दिला. आता तो घरात आलाय आणि त्यावर एका कारखान्याचा निर्णय व्हायचाय, म्हणून लिहिते.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो स्वतःच करून ठेवलाय. स्नॅपशॉट नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर, घेतो, अशा एका मशिनचा. तो घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं आणि पुढचा प्रत्येक बदल शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये साचू लागतो. दुसरा स्टोरेज घेतं, अख्ख्या लनचा किंवा व्हॉल्यूमचा, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेल्या भागाचा. त्याला आत कुठली मशिनं आहेत याच्याशी देणंघेणं नसतं, तो ब्लॉकचा, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांचा, हिशेब ठेवतो. फॉरवर्डमध्ये पहिल्याची सोय आणि दुसऱ्याचा वेग एकत्र केलाय आणि दोघांच्या अडचणी गाळल्यात.

आता तो जागेचा मुद्दा. सगळ्यांत जास्त राग मला याच वाक्याचा येतो, कारण त्यापायी मी एक रात्र जागून काढली आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं काम पाहत होते. तिथे कुणीतरी पॅच (दुरुस्तीचा अपडेट) टाकण्याआधी एका मशिनचा स्नॅपशॉट घेतला, पॅच नीट बसला आणि स्नॅपशॉट काढायचा राहिला. पाच महिने राहिला. रात्री पावणेतीनला फोन आला. डेटास्टोअर (मशिनांच्या डिस्क-फाइली ठेवायची जागा) काठोकाठ भरलं होतं आणि ज्या मशिनांना नवी जागा हवी होती ती जागच्या जागी थांबली होती. स्क्रीनवर जागा संपल्याचा निरोप, खाली रिट्राय आणि कॅन्सल. जागा मोकळी करायची तरी कुठून? शेवटी एक टेस्टचं मशिन बंद केलं. त्याची मेमरी सोळा जीबी होती, बंद झाल्यावर मेमरीसाठी डिस्कवर राखलेली तेवढीच स्वॅप फाइल गेली आणि तेवढ्या फटीत रिट्राय दाबला. मग तो जुना स्नॅपशॉट डिलीट करायला घेतला. डिलीट म्हणजे साचलेला डेल्टा मूळ डिस्कमध्ये परत मिसळणं. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर जाऊन बसली आणि तिथेच राहिली. साडेनऊ तास. तेवढा वेळ त्या मशिनवर काम करणारी माणसं ताटकळत होती आणि मी त्या पट्टीकडे बघत होते.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. हायपरव्हायझर बनवणाऱ्या व्हीएमवेअरनेच स्नॅपशॉट कसे वापरावेत याचा लेख वर्षानुवर्षं ठेवलाय, जुना क्रमांक १०२५२७९. त्यात स्वच्छ लिहिलंय: स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण मशिन नीट चालायला हवं तर दोन-तीनच ठेवा. डेल्टा फाइल मूळ डिस्कएवढी वाढू शकते. आणि मुख्य म्हणजे, ही फाइल ही फक्त बदलांची नोंद आहे. मूळ डिस्क गेली तर नुसत्या तिच्यातून मशिन उभं राहत नाही. ज्यांनी ही गोष्ट बनवली तेच असं सांगतायत. साहेबांसमोर ठेवायला याहून दुसरा कागद लागू नये.

स्टोरेजच्या स्नॅपशॉटला सुरुवातीला जागा लागत नाही, हे खरं. पण दोन टीबीच्या फाइल सर्व्हरवर रोज तीन टक्के नवे ब्लॉक बदलले तर दिवसाला साठ जीबी जुने ब्लॉक धरून ठेवावे लागतात. तीस दिवसांत पावणेदोन टीबीच्या वर. लिनक्समधल्या एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) च्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला नेमून दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉट बादच होतो.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत धोक्याचा. स्टोरेज स्नॅपशॉट ही डेटाची दुसरी प्रत नसते. त्या क्षणी कुठला ब्लॉक कुठे होता याची ती यादी असते. न बदललेला ब्लॉक मूळ डिस्कचा आणि स्नॅपशॉटचा एकच, त्याच पेटीत, त्याच चकतीवर. रेड एखादी डिस्क गेली तर सांभाळून घेतं. कुणी चुकून लन उडवला, कंट्रोलरच्या फर्मवेअरने घोळ घातला, आग लागली, पाणी शिरलं, तर मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदम जातात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एसबीजी-२ हे डेटा सेंटर जळून गेलं, तेव्हा बॅकअपसुद्धा त्याच आवारात असलेल्या ग्राहकांच्या हाती काही उरलं नाही. तिथे निदान बॅकअप होता. इथे तर एकाच पेटीतल्या यादीलाच बॅकअप म्हणतायत. आणि भावाला मी वेगळं काय सांगणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. त्याची सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे.

रॅन्समवेअर. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स नावाचा हल्ला झाला, जगभरचे हजारो ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर) सर्व्हर त्यात सापडले. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तो कोणत्या फाइली कुलूपबंद करतो याची यादी दिली होती. तीत व्हीएमडीकेच्या, म्हणजे मशिनच्या डिस्क-फाइलीच्या, जोडीला व्हीएमएसडी आणि व्हीएमएसएनही आहेत. या दोन स्नॅपशॉटच्याच फाइली. आता हात कशाला लागत नाही म्हणे? स्टोरेजचा स्नॅपशॉट मशिनच्या आतून दिसत नाही, तेवढं मान्य. मुदत संपेपर्यंत खुद्द ॲडमिनलाही काढता येत नाहीत असे लॉक केलेले स्नॅपशॉटही काही स्टोरेजांवर मिळतात आणि ते नक्की घ्यावेत. पण फॉरवर्डमध्ये लॉकचं नाव नाही. लॉक नसेल तर स्टोरेजचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला तो दोन मिनिटांत सगळे स्नॅपशॉट पुसतो.

डेटाबेसचं अर्धं बरोबर आहे. न थांबवता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे चालत्या मशिनची वीज गेल्यावर डिस्क जशी असेल तशी. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएलचं इनोडीबी हे डेटाबेस यातून बहुधा सावरतात, त्यासाठीच त्यांचे लॉग (बदलांच्या नोंदी) असतात. मायएसक्यूएलच्याच जुन्या मायआयसॅम टेबलांना ती सोय नाही. शिवाय डेटा एका लनवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल, आणि दोन्ही एकाच क्षणी पकडले नसतील, तर सावरायला लॉगच जुळत नाही. त्यासाठी दोन्ही लन एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच क्षणी पकडल्या जाणाऱ्या गटात, हवेत.

एका क्लिकचं थोडक्यात. एका लनवर वीस मशिनं असतील आणि तुम्ही तो लन मागे नेलात, तर वीसच्या वीस मागे जातात. एकच हवं असेल तर स्नॅपशॉटचा क्लोन करा, होस्टला (मशिनं चालवणाऱ्या सर्व्हरला) दाखवा, मशिन रजिस्टर करा. आणि महिन्याहून जुनं विंडोज मशिन परत आणलंत की अनेकदा डोमेन (कंपनीच्या संगणकांची आणि खात्यांची मध्यवर्ती नोंद) त्याला ओळखतच नाही, कारण त्याच्या खात्याचा पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलत असतो.

राहिला वेग. तो खरा आहे, आणि स्नॅपशॉट मीही रोज वापरते, पण बॅकअप घेण्यासाठी. सॉफ्टवेअर मशिनमधला डेटाबेस क्षणभर शांत करतं, मशिनचा स्नॅपशॉट घेतं, लगेच स्टोरेजला स्वतःचा स्नॅपशॉट घ्यायला लावतं आणि मशिनचा काढून टाकतं. मग बॅकअप सर्व्हर स्टोरेजच्या स्नॅपशॉटमधून निवांत वाचतो आणि वेगळ्या पेटीत लिहितो. चालत्या मशिनवर डेल्टा साचत नाही. साहेब ज्याचं लायसन्स बंद करायला निघालेत, ते सॉफ्टवेअर हेच करतं.

गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा दाखला कुणी देईल म्हणून तोही सांगते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. ठरलेले बॅकअप बघायला गेले तर ते होतच नव्हते. वाचवलं ते सहा तास आधी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. बरोबर. पण तो स्नॅपशॉट स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) भरलेला होता, दुसऱ्या मशिनवर, आणि डेटा तिथून परत आणला. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं आणि म्हटलं, आधी तुझ्या मशिनांवर सध्या कुठले स्नॅपशॉट आहेत ते बघ. तीन निघाले. एक गेल्या गणपतीतला, ईआरपीच्या (कारखान्याचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मशिनवर. तो म्हणाला, "आत्ता उडवू?" नको म्हटलं. आधी डेटास्टोअरवर किती जागा उरलीय ते बघ, त्या मशिनचा पूर्ण बॅकअप बाहेरच्या पेटीत घे, तो एकदा उभा करून बघ, आणि मग सुटीच्या दिवशी मिसळायला लाव. रविवारी सकाळी सहाला सुरू करतोय. मी फोनवर असेन.