आडनावाची पुण्याई : पेनसिल्व्हेनियातले केसी आणि इतर

अमेरिकेतील केनेडी आणि बुश घराण्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र आडनावाची खरी ताकद पाहायची असेल तर वॉशिंग्टनकडे न पाहता राज्यांच्या आणि काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, निवडणुकांकडे पाहावे, असे माझे मत आहे. तिथे एकाच आडनावाच्या, कधीकधी अगदी एकाच नावाच्या माणसांनी जे गोंधळ घातले, त्यांची गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती निव्वळ गंमत वाटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण पेनसिल्व्हेनियाचे आहे. रॉबर्ट पी. केसी हे स्क्रँटन या कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातले वकील. १९६९ पासून आठ वर्षे ते राज्याचे महालेखापरीक्षक होते आणि सरकारी हिशेबांतील गैरप्रकारांवर बोट ठेवणारा माणूस म्हणून त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. त्यांचा कार्यकाळ संपत आला असताना, १९७६ साली, राज्याच्या खजिनदारपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, रॉबर्ट केसी असे नाव मतपत्रिकेवर आले. महालेखापरीक्षक आता खजिनदार होऊ पाहत आहेत असे समजून लोकांनी त्या नावाला भरभरून मते दिली. प्रत्यक्षात हे होते रॉबर्ट ई. केसी, कँब्रिया काउंटीतले एक स्थानिक पदाधिकारी. प्रचाराचा फारसा खटाटोप न करता त्यांनी कॅथरिन बेकर नॉल यांना हरवले, नोव्हेंबरची निवडणूकही जिंकली आणि पुढची चार वर्षे राज्याची तिजोरी सांभाळली.

दोन वर्षांनी याहून मोठा घोटाळा झाला. १९७८ साली मूळचे केसी गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या प्रमुखपदासाठी, प्रायमरीत उभे होते. त्याच मतपत्रिकेवर लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे गव्हर्नरच्या हाताखालच्या पदासाठी, आणखी एक बॉब (रॉबर्टचेच लघुरूप) केसी होते. हे पिट्सबर्गकडचे शाळामास्तर, जोडीला आइस्क्रीमचा धंदा करणारे. पेनसिल्व्हेनियात या दोन पदांची प्रायमरी वेगवेगळी होते आणि नोव्हेंबरमध्ये विजेत्यांची जोडी एकत्र लढते. त्यामुळे केसींचे प्रतिस्पर्धी पीट फ्लाहर्टी यांना गव्हर्नर करावे आणि केसींना त्यांच्या हाताखाली द्यावे, असा सोयीचा मध्यममार्ग पुष्कळ मतदारांना सुचला. निकाल लागला तेव्हा खरे केसी हरले होते, आणि त्यांच्या नावावर जिंकलेले मास्तर फ्लाहर्टींच्या जोडीला उभे होते. ही जोडी नोव्हेंबरमध्ये पडली. गव्हर्नरपदासाठी आधी १९६६ आणि १९७० साली हरलेल्या रॉबर्ट पी. केसी यांचा हा तिसरा पराभव होता. १९८६ मध्ये चौथ्यांदा उभे राहताना त्यांना स्वतःची ओळख ‘खरा बॉब केसी’ अशी करून द्यावी लागली. त्या वेळी ते जिंकले, आणि ज्यांना त्यांनी हरवले त्यांचे आडनाव स्क्रँटन होते. केसींचे शहर ज्या घराण्याच्या नावाने वसले त्याच घराण्यातले ते, आणि त्यांचे वडील पूर्वी राज्याचे गव्हर्नर होते.

इथपर्यंत गोष्ट ऐकणारा नेहमी मतदारांना हसतो. पण ती इथे संपत नाही. केसींचे चिरंजीव, बॉब केसी ज्युनियर, १९९६ साली महालेखापरीक्षक म्हणून निवडून आले, म्हणजे वडिलांच्याच खुर्चीत बसले. २००४ साली ते खजिनदार झाले, म्हणजे ज्या खुर्चीत तोतया केसी बसले होते तिथे गेले. मग २००६ साली ते अमेरिकेच्या सेनेटवर निवडून गेले आणि तीन कार्यकाळ तिथे राहिले. ते कर्तबगार नव्हते असे मी म्हणत नाही. पण १९९६ साली त्यांचे नाव वाचून खूण करणाऱ्या मतदाराच्या मनात जे चालले होते, ते १९७६ सालच्या मतदारापेक्षा कितीसे निराळे होते? दोघांनीही आडनावालाच मत दिले. एकाचे मत वारसाला गेले आणि दुसऱ्याचे परक्याला, एवढाच फरक. नामसाधर्म्यावर निवडून येणाऱ्याला आपण तोतया म्हणतो आणि मुलाला उत्तराधिकारी म्हणतो. पण तोतया जिंकू शकतो, याचाच अर्थ ते मत कधीच माणसाला पडत नव्हते. मला या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच, आणि पुढची उदाहरणे मी त्याच नजरेने पाहतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९५४ साली जॉन एफ. केनेडी राज्याचे खजिनदार झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ते हे नव्हेत. हे जिलेट कंपनीच्या कोठारात काम केलेले जॉन फ्रान्सिस केनेडी. ते लागोपाठ तीनदा निवडून आले, कारण त्याच राज्याचे तेव्हाचे सेनेटर, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले केनेडी, यांचे नाव तोवर प्रत्येकाच्या तोंडी होते. आता याच्या शेजारी १९६२ सालचा वादविवाद ठेवून पाहावा. राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ एडवर्ड मूर केनेडी तेव्हा सेनेटच्या जागेसाठी प्रायमरीत उभे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी, राज्याचे महाधिवक्ता एडवर्ड मॅकॉर्मॅक, त्यांना भर सभेत म्हणाले की तुमचे नाव नुसते एडवर्ड मूर असते तर तुमच्या उमेदवारीला लोक हसले असते. बोलणे झोंबणारे होते आणि खरेही होते. अडचण एवढीच की मॅकॉर्मॅक स्वतः प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापतींचे पुतणे होते. कोठारातल्या केनेडींना चालले ते नाणे तिसऱ्या केनेडींनाही चालले, आणि ते जिंकले.

सगळीच नामसाधर्म्ये अशी संशयास्पद नसतात, हेही नोंदवायला हवे. स्कँडिनेव्हियातून आलेल्यांनी वसवलेल्या मिनेसोटात सी. एल्मर अँडरसन आणि एल्मर एल. अँडरसन हे दोघेही रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर होऊन गेले, पहिले १९५१ साली आणि दुसरे १९६१ साली. इंग्रजीत दोघांच्या आडनावात एका अक्षराचा फरक आहे. आपल्याकडे पाटील जसे गावोगाव, तसे तिथे अँडरसन.

प्रश्न उरतो तो असा, की हे राज्य आणि काउंटी पातळीवरच इतके का घडते. माझ्या मते दोष मतदाराच्या बुद्धीचा नसून मतपत्रिकेच्या लांबीचा आहे. अमेरिकेत अनेक राज्यांतील मतदाराला गव्हर्नर निवडून थांबता येत नाही. खजिनदार, लेखापरीक्षक, काउंटीचा शेरीफ, मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर आणि कित्येक ठिकाणी न्यायाधीशसुद्धा त्यालाच निवडावे लागतात. या माणसांविषयी त्याने कुठे वाचलेले असणार? ओहायोमध्ये न्यायाधीशांच्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत उमेदवाराचा पक्षही मतपत्रिकेवर छापला जात नसे. वरिष्ठ न्यायालयांपुरता हा नियम २०२१ साली बदलला. मग ओळखीचे आडनाव हीच एक खूण मतदाराच्या हाती उरते. १९८३-८४ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयातील सात न्यायमूर्तींपैकी दोन ब्राउन होते आणि दोन सेलेब्रिझी, त्यातले सेलेब्रिझी सख्खे भाऊ. टेक्ससमध्ये १९७६ साली डॉन यारब्रो नावाचे एक वकील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले, कारण माजी सेनेटर राल्फ यारबरो आणि गव्हर्नरपदासाठी अनेकदा लढलेले डॉन यारबरो ही नावे लोकांच्या कानात बसलेली होती. या न्यायमूर्तींना पुढच्याच वर्षी फौजदारी आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला आणि ज्यांना त्यांनी हरवले होते, ते चार्ल्स बॅरो त्यांच्या जागी नेमले गेले.

अशा व्यवस्थेचा कुणी मुद्दाम फायदा उठवला तर नवल ते काय! २०२० साली फ्लोरिडात, मायामीच्या भागातील राज्य सेनेटच्या एका जागेवर होसे हावियेर रोद्रिगेस हे विद्यमान सदस्य ३२ मतांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर अलेक्स रोद्रिगेस नावाचे एक अपक्ष होते. त्यांनी प्रचारच केला नाही, तरी सहा हजारांहून अधिक मते घेतली. या उमेदवाराला माजी राज्य सेनेटर फ्रँक आर्टिलेस यांनी ४० हजार डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचे तपासात उघड झाले. अपक्षाने गुन्हा कबूल केला आणि २०२४ साली आर्टिलेस दोषी ठरले. निवडणुकीचा निकाल मात्र बदलला नाही. रायगडच्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे सुनील तटकरे सुमारे दोन हजार मतांनी हरले, तेव्हा त्याच नावाच्या अपक्षाला त्याच्या चौपटीहून अधिक मते पडली होती. पुढच्याच वर्षी आपल्या निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवारांची छायाचित्रे लावण्याचा निर्णय घेतला.

वॉशिंग्टन राज्याने कायद्याचा धाक निवडला आहे. मतदारांचा गोंधळ व्हावा या हेतूने प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी जुळणाऱ्या नावाने अर्ज भरणे तिथे गंभीर गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये राज्याचे महाधिवक्ता बॉब फर्ग्युसन गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा एका विरोधी कार्यकर्त्याने आणखी दोन बॉब फर्ग्युसन शोधून त्यांचे अर्ज भरवले. तुम्हाला शिक्षा होऊ शकते असे बजावल्यावर दोघांनीही मुदतीत माघार घेतली, आणि खरे फर्ग्युसन नोव्हेंबरमध्ये जिंकले. मला हा उपाय अपुरा वाटतो. हेतू सिद्ध करणे अवघड असते, आणि जन्मापासून ज्याचे तेच नाव आहे अशा नागरिकाला राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या गोटातून तुरुंगाची आठवण करून दिली जावी, हे दृश्यही फारसे शोभादायक नाही.

त्यापेक्षा मॅसॅच्युसेट्सची मतपत्रिका मला बरी वाटते, कारण तिच्यावर उमेदवाराचा पत्ता छापतात आणि तो सध्या त्याच पदावर असेल तर तसे लिहितात. कॅलिफोर्नियात नावाखाली व्यवसाय असतो. आपल्यासारखी छायाचित्रे लावली तर ओळख नक्की पटेल, पण वंशाचा प्रश्न जिथे इतका हळवा आहे तिथे चेहरा पाहून मत ठरण्याचे भय मला आडनावाच्या भयापेक्षा मोठे वाटते. खरा उपाय मुळात निवडून द्यायची पदे कमी करणे हा आहे. न्यू जर्सीत राज्याच्या कारभारासाठी राज्यभरातून फक्त गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर निवडले जातात, तेही एकत्र. खजिनदार, महाधिवक्ता आणि वरिष्ठ न्यायाधीश गव्हर्नर नेमतो आणि राज्याचे सेनेट मान्यता देते. तिथे कुणी तोतया केसी खजिनदार होऊ शकत नाही. घराणी मात्र तिथेही आहेत : १९८० च्या दशकात गव्हर्नर असलेले टॉम केन आणि आधी राज्य सेनेटमध्ये, मग अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेलेले त्यांचे चिरंजीव टॉम केन ज्युनियर.