बेंगल्सचे मालक कंजूष नाहीत, संथ आहेत

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्सची प्लेऑफ सलग तिसऱ्या मोसमात हुकली आणि चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले. एक तट म्हणतो, मालक माइक ब्राउन कवडीचुंबक आहे, त्याने संघ विकून मोकळं व्हावं. दुसरा म्हणतो, छोट्या शहराचा संघ आहे, डॅलस-न्यूयॉर्कच्या पैशापुढे बिचारे काय करणार? माझ्या मते दोघांचाही नेम चुकतोय.

आधी छोट्या शहराचं बघू, कारण ते लवकर निकालात निघतं. सिनसिनाटी आणि आसपासचा परिसर मिळून लोकसंख्या साधारण साडेबावीस लाख. एनएफएलच्या हिशेबात हे लहानच. पण या लीगमध्ये टीव्हीचा पैसा ३२ संघांत सारखा वाटला जातो आणि तिकिटांच्या गल्ल्यातलाही मोठा हिस्सा सामायिक खात्यात जातो. बाकीचे संघ हिशेब दाखवत नाहीत, पण ग्रीन बे पॅकर्सना भागधारकांपुढे ताळेबंद मांडावा लागतो, त्यामुळे आकडा सगळ्यांना कळतो. २०२५ च्या ताळेबंदात लीगकडून आलेली रक्कम ४३.२६ कोटी डॉलर होती, आणि तेवढीच प्रत्येक संघाला मिळाली. २०२५ च्या मोसमाची सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा, होती २७.९२ कोटी. म्हणजे आपल्या मैदानावर एकही तिकीट विकलं गेलं नाही तरी खेळाडूंचा पगार सुटतो आणि वर पंधरा कोटी उरतात. बेसबॉलमध्ये छोट्या शहराचं रडगाणं समजू शकतो, तिथे अशी कडक कॅपच नाही. इथे ते चालत नाही. ग्रीन बेची वस्ती लाखाच्या थोडी वर, कॅन्सस सिटी आणि बफेलो तरी कुठे महानगरं आहेत!

आता कंजूषपणा. १९९१ मध्ये संघाचे संस्थापक पॉल ब्राउन गेले, सूत्रं मुलगा माइककडे आली. त्या वर्षी जानेवारीत जिंकलेल्या प्लेऑफ सामन्यानंतर पुढचा प्लेऑफ विजय आला थेट जानेवारी २०२२ मध्ये. एकतीस वर्षं! प्रशिक्षक मार्विन लुइसच्या काळात सात प्लेऑफ सामने झाले, सातही गेले. कवडीचुंबकपणाचा शिक्का त्या काळातला आहे आणि त्या काळापुरता खोटाही नाही. स्वतःची बंदिस्त सराव-जागाच २०२२ पर्यंत नव्हती, थंडीत विद्यापीठाच्या मैदानावर जावं लागायचं.

पण २०२० नंतर तो शिक्का चालत नाही. डीजे रीडरला ५.३ कोटी, पुढच्या वर्षी ट्रे हेंड्रिक्सनला ६ कोटी, मग ऑर्लँडो ब्राउनला ६.४ कोटी. हे सगळे बाहेरून आणलेले खेळाडू. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जो बरोला २०२३ मध्ये २७.५ कोटी. मार्च २०२५ मध्ये एकाच फटक्यात त्याच्या फेकी झेलणारे दोन रिसीव्हर, जमार चेजला १६.१ आणि टी हिगिन्सला ११.५ कोटी. शिवाय नियमानुसार प्रत्येक संघाला तीन-तीन वर्षांच्या टप्प्यात कॅपच्या ९० टक्के रोख खर्च करावाच लागतो. तेव्हा ‘पैसे खर्च करत नाहीत’ हे वाक्य आता पुरे. कधी खर्च करतात आणि कशा पद्धतीने, हे बघायला हवं.

त्यासाठी कॅपचं गणित नीट समजून घ्यावं लागेल. आयपीएलची पर्स डोक्यात असेल तर गफलत होते. तिथे पंतला २७ कोटी रुपयांत घेतलं की त्या मोसमाच्या पर्समधून २७ कोटी गेले, विषय संपला. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात पडणारी रोकड आणि कॅपमध्ये मोजली जाणारी रक्कम यांची वर्षं वेगळी असू शकतात. साइनिंग बोनस (सहीबद्दलची रक्कम) आज रोख मिळतो, पण कॅपमध्ये तो कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच, समान वाटला जातो. समजा एखाद्याचा यंदाचा पगार २ कोटी आहे. त्यातले १.८ कोटी बोनसमध्ये बदलून पाच वर्षांत वाटले, तर दरवर्षी ३६ लाख. यंदाचा कॅपवरचा भार २ कोटींवरून ५६ लाखांवर येतो, १.४४ कोटी मोकळे होतात. फिलाडेल्फिया ईगल्स हेच पद्धतशीरपणे करतात. कराराच्या शेवटी नुसती कागदावरची रिकामी वर्षं जोडायची आणि भार पुढे सरकवायचा. यात धोका आहेच. त्या खेळाडूला दोन वर्षांनी काढलं तर उरलेल्या तीन वर्षांचे १.०८ कोटी एकदम कॅपवर येऊन बसतात. त्यालाच डेड मनी म्हणतात. कॅप दरवर्षी वाढत असताना (२०२१ मध्ये १८.२५ कोटी होती, चार वर्षांत २७.९२) तो भार पेलतो. खेळाडू निवडण्यात चूक झाली तर मात्र चुकीची किंमत दुप्पट वाटते.

या खेळीला मालकाच्या खिशात आज रोकड लागते. शिवाय पुढच्या वर्षांची पूर्ण हमी दिलेली (म्हणजे खेळाडूला काढलं तरी द्यावीच लागणारी) रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ती एस्क्रो, म्हणजे त्रयस्थाकडच्या राखीव, खात्यात जमा ठेवायला लीग सांगू शकते. डेन्व्हरचे मालक वॉलमार्टवाले, बफेलोच्या पेगुलांचा पैसा नैसर्गिक वायूतला. त्यांना दुसऱ्या धंद्यातून रोकड काढता येते. ब्राउन कुटुंबाचा धंदा म्हणजे हा संघच. त्यामुळे बेंगल्सची जुनी रीत अशी की पहिल्या वर्षाच्या पुढे पगाराची हमी सहसा द्यायची नाही. बोनस घ्या, बाकी विश्वास ठेवा. बरो आणि नंतर चेजसाठी ही रीत मोडली, पण लांबलेल्या बोलण्यांनंतर. (पिट्सबर्गच्या रूनी कुटुंबाची रीतही जवळपास हीच होती. टीजे वॉटसाठी त्यांनी ती २०२१ मध्ये सोडली.)

नुसती रोकड ओतून भागतं असंही नाही. त्याच ओहायो राज्यात क्लीव्हलँडच्या हॅस्लम यांनी डेशॉन वॉटसनला २३ कोटी पूर्ण हमीने दिले आणि तो करार पुरता फसला.

माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो. हमीवरून घासाघीस करण्यात बेंगल्स उन्हाळेच्या उन्हाळे घालवतात, आणि लीगमध्ये भाव एकाच दिशेला जातो. चेज २०२४ च्या उन्हाळ्यात करारवाढीला पात्र होता. त्याच जूनमध्ये मिनेसोटाने आपल्या रिसीव्हरला, जस्टिन जेफरसनला, वर्षाला ३.५ कोटींवर बांधलं, तेव्हा भाव समोर होता. बोलणी मोसम सुरू होईपर्यंत चालली, करार झाला नाही. मग चेजने १२७ झेल, १७०८ यार्ड आणि १७ टचडाउन करून तिन्ही यादींत पहिला नंबर काढला. मार्चमध्ये भाव वर्षाला चार कोटींच्या वर गेला. चार वर्षांत फरक साधारण २ कोटींचा, म्हणजे बचावफळीतला एक बऱ्यापैकी खेळाडू.

हिगिन्सचं प्रकरण त्याहून शिकवणारं आहे. २०२४ मध्ये त्याला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर एक वर्ष रोखून धरलं, २.१८ कोटींत. टॅगची सगळी रक्कम त्याच वर्षाच्या कॅपमध्ये मोजली जाते, ती पसरवता येत नाही. त्याऐवजी, उदाहरणादाखल, चार वर्षांचा ९.६ कोटींचा करार धरा. ३ कोटी साइनिंग बोनस, पहिल्या वर्षाचा पगार २० लाख. कॅपवर पहिल्या वर्षी फक्त ९५ लाख. म्हणजे त्या एका मोसमात १.२३ कोटींची जागा मोकळी राहिली असती. पण पहिल्या वर्षी रोख ३.२ कोटी मोजावे लागले असते. रोख वाचवायची म्हणून कॅप जाळली, असा हा व्यवहार. नेमक्या त्याच मार्चमध्ये बचावफळीचा खांब रीडर डेट्रॉइटला गेला. त्याच्या जागी आणलेल्या शेल्डन रँकिन्सला वर्षभरात काढावं लागलं.

परिणाम गुणफलकावर दिसला. २०२४ मध्ये बरोने लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड आणि सर्वांत जास्त टचडाउन फेकले, हेंड्रिक्सनने साडेसतरा सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) काढून पहिला नंबर घेतला, आणि संघ ९-८, म्हणजे नऊ विजय, आठ पराभव. ३३ किंवा जास्त गुण करून चार सामने हरले! २०२५ मध्ये बरोच्या पायाला दुखापत झाली, बदली क्वार्टरबॅक म्हणून जो फ्लॅकोला आणावं लागलं, आणि तरी आक्रमण चाललं. लागोपाठ दोन सामन्यांत ३८ आणि ४२ गुण केले. जेट्सने ३९ केले, बेअर्सने ४७. दोन्ही हरले.

‘तिघांवर एवढा पैसा घातल्यावर बचावाला उरणार काय?’ असं लगेच कुणी म्हणेल. हे अर्धंच खरं. क्वार्टरबॅक आणि दोन रिसीव्हर महागडे ठेवायचे असतील तर बचावफळी रुकी, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या, करारांवर उभी करावी लागते. २०११ पासून रुकींचे पगार ड्राफ्टच्या (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेच्या) क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असतात, त्यामुळे तिथे चार वर्षं स्वस्त मनुष्यबळ मिळतं. योजना चुकीची नाही. पण मग पहिल्या तीन फेऱ्यांतले निम्मे तरी खेळाडू दुसऱ्या वर्षी पक्के झाले पाहिजेत. २०२३ मध्ये जेसी बेट्स आणि व्हॉन बेल हे दोन्ही सेफ्टी (सगळ्यांत मागे उभे राहणारे बचावपटू) एकाच उन्हाळ्यात गेले. बेट्सच्या जागेसाठी आदल्या वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला डॅक्स हिल तिथे रुळला नाही, त्याला कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूच्या) जागी हलवावं लागलं. माइल्स मर्फी, पहिली फेरी, पहिली दोन वर्षं जेमतेम दिसला. आणखी मागे जायचं तर २०१७ मध्ये नवव्या क्रमांकावर जॉन रॉसला घेतलं. पुढच्याच क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला घेतलं. त्याच वर्षी अँड्र्यू व्हिटवर्थला जाऊ दिलं. पाच वर्षांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो रॅम्सचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) होता, आणि समोर बेंगल्सचा बरो सात वेळा सॅक झाला.

या चुकांमागे रचना आहे. बेंगल्समध्ये जनरल मॅनेजर हे पदच नाही. ड्यूक टोबिन खेळाडू निवडीचे संचालक, करारांची सूत्रं माइक ब्राउन यांची कन्या केटी ब्लॅकबर्न यांच्याकडे, वर नव्वदीतले माइक स्वतः. स्काउटची (खेळाडू हेरणाऱ्यांची) फौज लीगमध्ये लहान म्हणूनच वर्षानुवर्षं ओळखली जाते. लहान घराचा फायदाही आहे हे मान्य. एका मोसमाच्या अपयशावर कुणाला हाकलत नाहीत. २०१९ मध्ये २-१४ होऊनही प्रशिक्षक झॅक टेलर राहिला आणि दोन वर्षांत सुपर बोलला पोचला. दुसऱ्या कुठल्या मालकाने तेवढा धीर धरला असता? पण ड्राफ्ट फसला तर जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर या रचनेत मिळत नाही. निवडणारा एक, कराराची भाषा लिहिणारा दुसरा, आणि दोघांच्या वर मालक.

२०२५ चा शेमार स्टुअर्टचा वाद हे याचं अगदी शुद्ध उदाहरण. पहिल्या फेरीतला सतरावा, पैशाचा आकडा ठरलेला, त्यावर वाद नव्हताच. वाद होता एका कलमावर. खेळाडूने कराराचा भंग केला तर पुढच्या वर्षांची हमीही जाईल, अशी भाषा संघाला हवी होती, आणि आदल्या वर्षीच्या अमारियस मिम्सच्या करारात ती नव्हती. जुलैअखेर सही झाली. ज्या पोराचं तंत्र कच्चं आहे म्हणून सगळे सांगत होते, त्याचा वसंतातला मैदानी सराव एका कलमापायी बुडाला. त्याच वेळी हेंड्रिक्सनचा तंटा चालू. ऑगस्टअखेर वाढवून ३ कोटी दिले, तेही एकाच वर्षापुरते. मार्चमध्ये त्याच जागेवर खेळणाऱ्या क्रॉस्बी आणि गॅरेट यांचे दुसऱ्या संघांशी करार व्हायच्या आधी बोलायला बसले असते, तर किंमत आणि कटकट दोन्ही कमी झाली असती.

संघ विकावा किंवा ग्रीन बेसारखा लोकांच्या मालकीचा व्हावा, ही मागणी दर हिवाळ्यात येते. दुसरी तर शक्यच नाही. लीगच्या नियमात एक नियंत्रक मालक लागतो, ग्रीन बेची जुनी सवलत तेवढी शाबूत आहे. आणि त्यांच्या समभागावर लाभांश नाही, नफ्याने विकताही येत नाही. विक्री झालीच तर नवा अब्जाधीश शहरात राहीलच याची खात्री कोण देणार? १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीने (सिनसिनाटीच्या जिल्ह्याने) अर्धा टक्का विक्रीकर लावून स्टेडियम बांधून दिलं, त्याचं ओझं करदाते अजून वाहतायत. २०२५ मध्ये नूतनीकरणाचा करार झाला तेव्हाही मोठा वाटा, सुमारे ३५ कोटी, काउंटीनेच उचलला. ब्राउन कुटुंब निदान तिथून हलणार नाही.

रोकडच हवी असेल तर वाट उघडी आहे. ऑगस्ट २०२४ पासून खासगी गुंतवणूक फंडांना संघात १० टक्क्यांपर्यंत वाटा घेता येतो, मतदानाच्या हक्काशिवाय. आज संघांची किंमत अब्जावधीत आहे. पाच टक्के विकले तरी एस्क्रोची अडचण कित्येक वर्षं मिटते, नियंत्रण घरातच राहतं. त्यातले थोडे स्काउटांवर घाला आणि बाहेरचा एक जनरल मॅनेजर आणा, ज्याच्या हातात निवड आणि करार दोन्ही असतील. माइक हे करतील असं वाटत नाही. केटी ब्लॅकबर्न करतील का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तोवर करार जाहीर झाला की एकूण आकड्यावर उड्या मारू नका. दुसऱ्या वर्षाच्या पगाराला पूर्ण हमी आहे का ते बघा, आणि सही कुठल्या महिन्यात झाली ते बघा. २०२३ च्या ड्राफ्टमधला कॉर्नरबॅक डीजे टर्नर २०२५ चा मोसम संपल्यावर करारवाढीला पात्र ठरला. कॉर्नरबॅकचा भावही चढाच आहे. त्याची सही पहिल्याच उन्हाळ्यात होते की शेवटच्या वर्षात टॅगपर्यंत ताणली जाते, तेवढं पाहिलं तरी कळेल की या घरात काही बदललं का.