सोबत : खोडरबर, १ नग

आज एका माणसाने नगररचना विभागातल्या माझ्या टेबलावर खोडरबर ठेवला. नवाकोरा, पांढरा, कागदी वेष्टनातला. ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला, देवापुढे नारळ ठेवल्यावर सरकतात तसा. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, जास्त काही नाही. एवढी रेघ तेवढी पुसा."

रेघ म्हणजे अठरा मीटरचा डीपी रोड, विकास आराखड्यात आखलेला रस्ता.

काकांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट बरोब्बर त्या रोडच्या पोटात. घेतला कसा, तर नोटरीवर. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, जमीन कशासाठी राखलीय ते सांगणारा झोन दाखला काढलेला नाही, भाग नकाशा डोळ्यांनी बघितलेला नाही. एजंटाने ब्रोशर दाखवलं, ब्रोशरवर कारंजं होतं, झाला व्यवहार. पाया झाला, जोतं झालं, भिंती लिंटेलला आल्या, तेव्हा आमची ५३ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस गेली. आता या सगळ्यात गुन्हेगार कोण? एजंट? त्याचा फोन बंद. जमीनमालक? तो पुण्याला मुलाकडे. म्हणजे उरलो मी. कारण मी पावणेदहा ते सव्वासहा एका ठरलेल्या खुर्चीत सापडतो.

मी शांतपणे सांगितलं (सव्वाअकराच वाजले होते, तोवर मी शांत असतो), की काका, ही रेघ मी मारलेली नाही, मंजूर विकास आराखड्यातली आहे, मी इथे रुजू व्हायच्या आधीची आहे. तर म्हणाले, "पण नकाशा तुमच्याच भिंतीवर आहे ना?"

आहे. पंचांगही आहे भिंतीवर. अमावास्या पुढे ढकलू का?

हे बोललो नाही. मनात बोललो. अलीकडे माझं सगळं चांगलं संभाषण मनातच होतं. तोंडाने मी कलम ३७, म्हणजे आराखड्यात बदल करायची रीत, सांगायला घेतलं. सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात सूचना, एक महिना हरकती, सुनावणी, शासनाकडे प्रस्ताव, तिकडून त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पूर्ततेवर पुन्हा त्रुटी. काका ऐकत होते. पूर्ण ऐकलं. आणि ऐकून झाल्यावर तर्जनीने तो खोडरबर माझ्याकडे एक इंच पुढे सरकवला.

एक इंच! तिथे माझं डोकं गेलं.

अहो, रेघ पुसली जात नसते. रेघ सरकते. रस्ता असा हवेत संपत नाही, तो तुमच्या जोत्यावरून उठला की शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसतो. मग शेजारी येतो. तो खोडरबर घेऊन येत नाही, तो वकील घेऊन येतो. हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण बांधकाम विभागातली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांना काय, त्यांच्याकडे खड्डे असतात, खड्डा निदान दिसतो तरी. आमचं सगळं कागदावर. जे अजून जमिनीवर झालेलंच नाही त्यासाठी रोज शिव्या खाणारं हे एकमेव खातं.

काका जाताना म्हणाले, "चिडू नका साहेब, विचार करून ठेवा." खोडरबर तिथेच.

या "जरा"चा, "तेवढी"चा आणि "फक्त"चा मला आता अंगावर काटा येतो. फक्त एक मजला. जरा मार्जिनमध्ये जिना. तेवढं ग्रीनचं येलो, म्हणजे शेतीचं निवासी, करून द्या. लग्नात जेवायला बसावं, पहिला घास तोंडात, की शेजारच्या पाटावरून कुजबुज : "आतलं सांगा, रिंगरोड कुठून जाणार?" अहो, आतलं काही नसतं हो! आराखडा प्रसिद्ध करतात, नोटीस लावतात, नकाशा महिनाभर टांगून ठेवतात, कुणीही येऊन बघा म्हणतात. त्या महिन्यात कोण येतं? सावलीला बसायला दोन म्हातारे. आणि महिना उलटला की सगळं गाव येतं, "आम्हाला कुणी विचारलंच नाही" म्हणत.

बायकोच्या मावसभावाने तर कमाल केली होती. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला, दोन बोटांनी फाकवून माझ्या नाकासमोर धरला, "बघा दाजी, इथे तर सगळं मोकळं आहे, इथे कसला रस्ता?" मोकळं आहे म्हणून तर रस्ता आखला ना रे! देवळातून आखायचा होता का?

आता निघालंच आहे तर पूररेषाही घ्या. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. आखतं जलसंपदा खातं, उतरते ती आमच्या नकाशावर, म्हणजे रेषा आमची. एप्रिलमध्ये गृहस्थ येतात, "साहेब, नदीला पाणीच नसतं, तुम्ही कसला पूर दाखवता?" ऑगस्टमध्ये त्याच गृहस्थांचा फोन, "तळमजल्यात पाणी आलंय, अशा जागी लोक बांधतातच कसे, तुमचं खातं झोपलंय का?" आवाज तोच. नंबर मी सेव्ह करून ठेवलाय, "नदी – कोरडी" या नावाने. फोन वाजला की सहकारी ओळखतात कोण आहे ते.

आणि १२७, आरक्षण सुटायचं कलम! या आकड्यावर माझा वैयक्तिक दात आहे. मागच्या आराखड्यात एक खेळाचं मैदान होतं. छान होतं, कागदावर. दहा वर्षं ते कागदावर खेळून झालं, मालकाची खरेदी सूचना आली. चोवीस महिन्यांत काय ते करा. मी टिपणी ठेवली. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा लेखा विभागातून फाइल परत आली ती "निधी उपलब्ध नाही" या तीन शब्दांसह, तेही हिरव्या शाईत. मालकाला टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, घ्या म्हटलं, तर तो हसला. बरोबरच हसला. आमच्या गावात टीडीआर घेऊन करायचं काय, लोणचं? आरक्षण व्यपगत. आज तिथे पार्किंग धरून पाच मजले उभे आहेत, आणि गेल्या महिन्यात त्याच इमारतीच्या सोसायटीचा अर्ज आला आहे, की परिसरात मुलांना खेळायला मैदान नाही, तरी नगररचना विभागाने लक्ष घालावे. लेटरहेडवर. लेटरहेडवर मुलं खेळतानाचं चित्र आहे.

गट नकाशांचं तर बोलूच नका. हद्दवाढीनंतर आसपासच्या गावांचे नकाशे एकमेकांना जोडायला घेतले, दोन गावांची शीव जुळेना. एका ठिकाणी पाचरीएवढी जमीन उरते जी कुठल्याच गावाची नाही, दुसरीकडे एकच ओढा दोनदा वाहतो. भूमी अभिलेखला पत्र लिहिलं, त्यांनी मोजणी फी भरा म्हणून उत्तर दिलं. मोजणी नकाशाची क प्रत आली तर तिच्यात ओढा मुळातच नाही. तिन्ही कागदांवर गोल शिक्के. मला त्या ओढ्याची काळजी वाटते कधी कधी. बिचारा वाहतोय, आणि त्याला माहीत नाही तो आहे की नाही.

बांधकाम नियमावलीबद्दल मी काही बोलणार नाही, पगार तिच्यावरच चालतो. डिसेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा एकच पुस्तक सगळीकडे म्हणून आम्ही खूश होतो. मी माझी प्रत स्पायरल करून घेतली. त्यानंतर एवढ्या दुरुस्त्या आणि स्पष्टीकरणं आली, की प्रतीत चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी ती फुगून कोथिंबिरीच्या जुडीसारखी दिसते. आर्किटेक्ट लोक त्यातली नेमकी त्यांच्या सोयीची चिठ्ठी काढतात. आणि सर्व्हर? ऑनलाइन परवानगीचा सर्व्हर आज दुपारी बंद होता. काल सकाळी बंद होता. चालू होतो तो मी घरी पोचल्यावर.

असा धुमसतच डबा उघडला. शेपूची भाजी. तीही आजच.

आणि शेपू खाता खाता बाबा आठवले, तिथे सगळी हवा गेली. कारण खरं सांगायचं तर मी स्वतः गुंठेवारीतला, मंजुरीविना पाडलेल्या तुकड्यातला. बाबांनी १९९३ साली दीड गुंठा घेतला तो स्टँप पेपरवर, आईच्या बांगड्या मोडून. झोन दाखला हा शब्दही त्यांनी ऐकलेला नव्हता. विकणाऱ्याने पायाने माती उकरून "इथपासून तिथपर्यंत तुमचं" म्हणून दाखवलं होतं, आणि बाबांनी तिथे चार दगड ठेवले होते. पुढे २००१चा गुंठेवारी कायदा आला, शुल्क भरलं, नियमित झालं. ते प्रमाणपत्र आई अजून देवघराच्या खणात ठेवते, कुंकवाच्या करंड्याखाली. म्हणजे सगळ्या गावाला नऊ मीटर रस्ता सोडा म्हणून बजावणारा हा नगररचनाकार राहतो कुठे, तर ज्या बोळात छत्री उघडून दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं तिथे. गाडी मारुतीच्या देवळापाशी लावतो. शनिवारी तीही हलवावी लागते, भक्त ओरडतात.

त्या काळी ५३ची नोटीस घेऊन कुणी आमच्या दारात आलं असतं, तर बाबांनी खोडरबर नेला नसता. बाबांनी मला नेलं असतं, गणवेशात, भांग पाडून, साहेबांपुढे उभं करायला.

असो. तरी रेघ सरकत नाही.

साडेचारला आवकचा गठ्ठा आला. त्यात काकांचा अर्ज. आवक क्रमांक, दिनांक, सही, सगळं रीतसर. विषय : रेघ पुसण्याबाबत. खाली "सोबत" म्हणून यादी : सातबारा उतारा, नोटरी, जोत्याचे फोटो, आणि चौथ्या क्रमांकावर, सुवाच्य अक्षरात, "खोडरबर, १ नग."

मी खोडरबर उलटा केला. वेष्टनाच्या मागच्या बाजूला आमचा आवक शिक्का. निळा, गोल, तारखेसह.

आवकच्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, अर्जात लिहिलं होतं, सोबतचं तपासूनच घ्यायचं असं तुम्हीच सांगितलेलं. फाइलला टाचता येईना, म्हणून त्यांनाच म्हटलं, साहेबांकडे द्या." यात चूक कुठे आहे ते मला पाच मिनिटं शोधून सापडलं नाही. म्हणजे आता तो वस्तू नाही, तो अभिलेख आहे. उद्या कुणी माहिती अधिकारात त्याची साक्षांकित प्रत मागितली तर मी काय देऊ?

शेवटी पत्र लिहायला घेतलं. आपला अर्ज प्राप्त झाला, सदर रस्ता मंजूर विकास योजनेतील असल्याने या कार्यालयस्तरावर बदल करता येणार नाही, अर्जासोबतचा खोडरबर मूळ स्वरूपात परत करण्यात येत आहे. लिपिकाने टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं, खोडरबर वेष्टनातून काढून उजेडात धरला आणि म्हणाला, "मूळ स्वरूपात कसं लिहायचं साहेब? कोपरा झिजलाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. तीनच्या सुमाराला भाग नकाशावरची माझी पेन्सिलची खूण चुकली होती.