आत्याचं डोकं उठायचं, ते काय होतं?

गणपतीच्या तोंडावर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. तो बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय, तुम्हीही वाचला असेल. थोडक्यात असा: ‘सेन्सिटिव्ह मूल वगैरे काही नसतं. आम्ही दहा माणसांच्या घरात, गोंगाटात वाढलो, कुणाला काही झालं नाही. हे आईबापांचे फाजील लाड. अशी पोरं पुढे दुबळीच राहतात. आवाजाची, गर्दीची, बोलणी खायची सवय लावा, आपोआप कणखर होतील.’ पाठवणारे वयाने मोठे, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण माझ्या घरात असं एक मूल आहे, तेव्हा आता एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘आमच्या काळी असलं काही नव्हतं.’ होतं. लग्नघरात वाजंत्री सुरू झाली की माझी थोरली आत्या माजघराचं दार लोटून, कपाळाला ओला पंचा बांधून अंधारात पडून राहायची. नव्या लुगड्याची खळ तिला टोचायची, म्हणून तीनचारदा धुतल्याशिवाय ती ते नेसायची नाही. घरात कुणी कुणाला टाकून बोललं, तर ऐकणारा तासाभरात विसरायचा आणि आत्याला मात्र रात्री घास उतरायचा नाही. सगळे म्हणायचे, ‘तिचं डोकं उठतं’, ‘फार मनाला लावून घेते’. कुणाला काही झालं नाही असं आपल्याला वाटतं, कारण ज्याला व्हायचं ते माणूस माजघरात असायचं. इलेन आणि आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1997 मध्ये या स्वभावावर शोधनिबंध लिहिला, त्याला ‘सेन्सरी प्रोसेसिंग सेन्सिटिव्हिटी’ (आवाज, स्पर्श, इतरांच्या भावना इतरांपेक्षा जास्त तीव्रतेने जाणवणं) असं नाव दिलं आणि तो मोजायला 27 प्रश्नांची प्रश्नावली केली. नाव तेव्हा मिळालं. आत्या त्याच्या कितीतरी आधीची.

‘फाजील लाड.’ ब्रिटनमधल्या 17 वर्षांच्या हजाराहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. संवेदनशीलतेत माणसामाणसात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 47 टक्के वाटा आनुवंशिक निघाला. उरलेल्यात परिस्थिती येते, हे मला मान्य आहे. पण सगळं खापर आईच्या लाडांवर फोडायला या आकड्यात जागा नाही.

‘अशी पोरं दुबळी.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. लंडनमधल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत मुलींसाठी नैराश्य टाळायला शिकवणारे वर्ग घेतले गेले. 2015 मध्ये निष्कर्ष आले: फायदा झाला तो जास्त संवेदनशील मुलींना, कमी संवेदनशील मुलींवर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे वाईट वागणूक ज्यांना जास्त लागते, त्यांनाच चांगली वागणूकही जास्त लागू पडते. ‘बोलणी खायची सवय’ लावताना आपण नेमकं कुणाला बोलतोय, याचा विचार करा.

मेसेजच्या बाजूची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द हल्ली कशालाही चिकटवला जातो. हा आजार नाही, निदानाच्या अधिकृत यादीत तो नाही. त्यामुळेच मूल कपडेच घालू देत नसेल, मोजके दोनतीन पदार्थ सोडून काही खात नसेल, शाळा बुडत असेल, तर ‘हळवं आहे’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मागे स्वमग्नता (ऑटिझम) असू शकते, चिंतेचा विकार असू शकतो, आणि त्यांवर करण्यासारखं बरंच काही असतं.

आता ‘सवय लावा’. गेल्या वर्षी विसर्जनाला सगळ्यांच्या आग्रहाखातर आम्ही मुलाला चौकात नेलं. तो सहा वर्षांचा. डीजेची भिंत वळणावरून पुढे आली तशी त्याने कान दाबले, मग माझ्या पोटात डोकं खुपसलं, आणि मग एकदम गप्प झाला. डोळे उघडे, हात गार. कुणीतरी म्हणालं, ‘बघ, झाली ना सवय?’ त्या रात्री तो तीनदा दचकून उठला. पुढे महिनाभर लांबून ढोल ऐकू आला तरी खिडकी लावायला धावायचा. पळून जायची सोय नसलेल्या भीतीतून शरीर भीतीच शिकतं.

आणि तो आवाज कुणालाच सोसण्यासारखा नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि अशा भिंतीसमोर आकडा 100 च्या वर जातो. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, मग कान कणखर मुलाचा असो की हळव्या.

सगळंच टाळत गेलं तर मुलाचं जग आक्रसतं, हेही खरं. म्हणून यंदा अंतर त्याने ठरवलं. पहिल्या दिवशी आरती आतल्या खोलीतून ऐकली, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यातून. तिसऱ्या दिवशी मी झांज त्याच्या हातात दिली. आपण स्वतः केलेला आवाज कधी येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तो तेवढा बोचत नाही. शेवटच्या आरतीपर्यंत त्याने ती वाजवली, कधी तालात, कधी बेताल.

ग्रुपवरच्या मोठ्यांना एवढंच मागते: पुढच्या मुंजीत आतली एक खोली मोकळी ठेवा, आणि तो तिथे जाऊन बसला तर ‘बाहेर ये, सगळे विचारतायत’ म्हणून दार ठोठावू नका. तो येईल.