प्रोस्टेट कॅन्सर आणि ‘एकच जीन टेस्ट’: त्या मेसेजला उत्तर

“प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तरी घाबरू नका. रक्ताची एकच जीन टेस्ट करा. स्कोअर कमी आला तर ऑपरेशन, रेडिएशन काही लागत नाही. अमेरिकेत प्रत्येक रुग्णाची होते, आपले डॉक्टर सांगत नाहीत. घराण्यात कॅन्सर नसेल तर तीही नको.” हा मेसेज अनेक ग्रुपांवर फिरतो आहे आणि लोक तो घेऊन डॉक्टरांकडे जात आहेत. त्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच एकेक वाक्य तपासायला हवं.

“रक्ताची एकच टेस्ट.” इथे दोन निरनिराळ्या तपासण्यांची सरमिसळ झाली आहे. डिसायफर, प्रोलॅरिस, ऑन्कोटाइप या स्कोअर देणाऱ्या तपासण्या रक्तावर होत नाहीत. बायोप्सीत सुईने साधारण बारा तुकडे काढतात, शेवयांसारखे बारीक, एक-दीड सेंटिमीटर लांब. ते मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेले असतात. पॅथॉलॉजिस्ट त्यातला सर्वांत वाईट ग्रेडचा, म्हणजे पेशी सर्वांत बिघडलेल्या दिसणारा, भाग निवडून देतो आणि त्यातून आरएनए (जनुकांच्या कामाची पेशीतली प्रत) काढून कोणती जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजलं जातं. ऑन्कोटाइपमध्ये 17 जनुकं असतात, प्रोलॅरिसमध्ये 46. म्हणजे बायोप्सीशिवाय स्कोअर नाहीच. शिवाय प्रोस्टेटमध्ये बहुतेक वेळा एकाहून जास्त ठिकाणी गाठ असते. सुई जिथे पोचली तिथलाच हा स्कोअर, म्हणून एमआरआयही सुटत नाही.

रक्तावर किंवा लाळेवर होते ती तपासणी वेगळी. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकात दोष आहे का, हे ती सांगते. तिच्याकडे शेवटी येतो.

“स्कोअर कमी तर काही लागत नाही.” डिसायफरचा स्कोअर 0 ते 1 असतो. 0.45 च्या खाली कमी धोका, 0.60 च्या वर जास्त. पण हा धोका म्हणजे आजार पुढे शरीरात पसरण्याची शक्यता, हमी नव्हे. ग्लीसन 9 (बायोप्सीवरून ठरणारा ग्रेड, 10 सर्वांत वाईट) आलेल्या माणसाचा स्कोअर कमी निघाला म्हणून त्याचे उपचार थांबत नाहीत.

उलट, कमी धोक्याच्या गाठीवर लगेच ऑपरेशन न करता लक्ष ठेवता येतं, हे अशा स्कोअरशिवायही दिसलं आहे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात 1643 पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन आणि देखरेख अशा तीन गटांत वाटलं होतं. 15 वर्षांनंतर प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत 3 टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होतं आणि त्या गटातल्या सुमारे 61 टक्के पुरुषांना पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घ्यावं लागलं. देखरेख म्हणजे ठरावीक काळाने पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी. ती सोडून घरी बसलेल्या माणसाला स्कोअर वाचवणार नाही.

“अमेरिकेत प्रत्येकाची होते.” नाही. तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘आस्को’ने, 2020 मध्ये स्पष्ट लिहिलं की या तपासण्या सरसकट करू नयेत, निकालाने उपचाराचा निर्णय बदलण्याची शक्यता असेल तिथेच कराव्यात. पीएसए, ग्रेड आणि एमआरआय एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर स्कोअरने फारसं काही बदलत नाही. मधल्या धोक्याच्या गटात, रेडिएशनसोबत पुरुष हार्मोन कमी करणारं इंजेक्शन द्यायचं की नाही अशा पेचात, त्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: “स्कोअर कमी आला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि जास्त आला तर काय?” दोन्हीचं उत्तर एकच असेल तर खर्च करू नका.

“घराण्यात कॅन्सर नसेल तर तीही नको.” मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. 2016 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आजार पसरलेल्या 692 रुग्णांची जनुकं तपासली गेली. 11.8 टक्क्यांमध्ये डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत वारशाने आलेला दोष सापडला, सर्वाधिक बीआरसीए-2 या जनुकात. आणि कुटुंबात प्रोस्टेट कॅन्सर असण्या-नसण्याने या प्रमाणात फारसा फरक पडला नाही.

आजार पसरलेला असेल तर ही तपासणी टाळणं म्हणजे एका औषधाची वाट बंद करणं. ओलापारिब हे औषध अशाच रुग्णांसाठी आहे. हार्मोन कमी करणाऱ्या उपचारांना दाद न देणाऱ्या आजारात, बीआरसीए किंवा एटीएम या जनुकांत दोष असलेल्यांचा आजार सरासरी 7.4 महिने आटोक्यात राहिला. तुलनेच्या गटात 3.6 महिने. हा दोष कधी फक्त गाठीतच असतो, म्हणून रक्ताबरोबर गाठीचा तुकडाही तपासतात. हॉस्पिटलकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, जपून ठेवा.

घराण्याचा इतिहास विचारताना आपण वडील, काका, आजोबा एवढंच आठवतो. आईचा, मावशीचा, आत्याचा स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सरही सांगायला हवा. बीआरसीए-2 चा दोष वडिलांकडून मुलीकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते, मुलाकडेही तेवढीच. वडिलांच्या रिपोर्टमध्ये तो निघाला तर त्याची प्रत मुलींनाही द्या. त्यांची स्वतःची चाचणी करायची का आणि स्तनांची तपासणी कोणत्या वयापासून सुरू करायची, हे त्यांच्या डॉक्टरांना त्यावरून ठरवता येईल.